शिपायाची बायको आणि पलटणीचे दप्तर

सातारा जिल्ह्यात फिरताना जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी अनेक गावांत दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने या पाट्या बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच : या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे तेवढे गावागणिक बदलतात. नाव कोणाचेच नाही. एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द चिकटला तो कायमचा.

तिकडे इराकात बसऱ्याला त्या युद्धातल्या मृतांचे मोठे स्मारक आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या दिली. या भेदाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली अहवाल काढून माफी मागितली. माफी मागायला शंभर वर्षे लागली, हे खरे. माझ्या मनात मात्र पाटी पाहिली की दुसराच प्रश्न येतो. जे पडले त्यांची निदान मोजदाद झाली. त्यांच्या बायकांचे काय झाले? त्यांना काय मिळाले, कोणत्या कायद्याने मिळाले, आणि 'मी त्याची बायको' हे त्यांनी सिद्ध कसे केले?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. १९९१ पासून बरीच वर्षे तहसील कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसलो. सातबाऱ्याचे, रेशनकार्डाचे, वारसनोंदीचे अर्ज टंकून पोट भरले. आमचा भाग पलटणीचा, त्यामुळे चार अर्जांत एखादा तरी मिल्ट्री पेन्शनचा असे. कागद टंकता टंकता कायदा कळत गेला, आणि कायदा कळला तसा त्याच्या मागचा काळ शोधावासा वाटू लागला.

सुरुवात कंपनी सरकारपासून करावी लागते. कोकणात दापोली हे १८१८ पासून लष्करी ठाणे होते. नियमित फौज तिथून हलवल्यावरही जुन्या, थकलेल्या शिपायांची पलटण १८५७ पर्यंत तिथे ठेवलेली होती. ती मोडली, तरी पेन्शनर मंडळी दापोलीच्या आसपास राहिली. त्यांत महार, मराठा, मुसलमान, चांभार सगळे होते. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीतच स्थायिक झाले. महूच्या लष्करी शाळेतून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी सकपाळही लहानग्या भीमरावासह काही काळ तिथेच राहिले.

गावच्या वतनावर जगणाऱ्या माणसाला दर महिन्याला सरकारी तिजोरीतून रोख रक्कम येणे म्हणजे काय, हे आज आपल्याला सहज कळत नाही. ती रक्कम पाटलाच्या मर्जीवर नव्हती, बलुत्यावर नव्हती. दापोलीच्या अस्पृश्य पेन्शनरांनी १८९० च्या दशकात आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, त्यामागे ही रोख पेन्शन उभी होती असे मला वाटते. मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसावे लागले ती गोष्ट वेगळी. पण अर्ज करण्याची हिंमत आली कुठून, याचा विचार करताना पेन्शन विसरून चालत नाही. त्याच सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ मध्ये केलेल्या अर्जाकडे आपण नोकरीची मागणी म्हणून पाहतो. मला त्यात पुढच्या पिढीच्या पेन्शनीचीही मागणी दिसते.

ही पेन्शन हक्क मात्र नव्हती. १८७१ चा पेन्शन कायदा वाचावा. त्याच्या चौथ्या कलमाने पेन्शनीविषयीचा कोणताही दावा दिवाणी न्यायालयात चालणार नाही असे ठरवून टाकले. तक्रार असेल तर कलेक्टरकडे जा. त्याने दाखला दिला तरच कोर्टाची पायरी चढायची. देणारा तोच, तक्रार ऐकणारा तोच. त्याच कायद्यात अकरावे आणि बारावे कलम मात्र शहाणपणाचे आहे. पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येत नाही, आणि पुढच्या महिन्यांची पेन्शन आधीच कुणाला लिहून दिली तर तो करार रद्दबातल. हा कायदा अजून जिवंत आहे. सावकाराकडे पासबुक गहाण ठेवून बसलेल्या एका म्हाताऱ्या हवालदाराला मी हे बारावे कलम वाचून दाखवले होते, तेव्हा तो म्हणाला, "कायदा चांगला हाय, पण सावकाराला वाचता येतोय का?"

आता पहिल्या महायुद्धाकडे येऊ. पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सगळी फौज तुर्कांच्या हाती गेली. कैदेतल्या वाटचालीत, छावण्यांत शिपाई मेले. इकडे घरी काय कळणार? मनिऑर्डर थांबली एवढेच. नवरा मेला म्हणावे तर कागद नाही, जिवंत म्हणावे तर पत्र नाही. १८७२ चा पुराव्याचा कायदा २०२४ पर्यंत लागू होता. त्याचे १०८ वे कलम सांगत असे की ज्यांना स्वाभाविकपणे खबर मिळाली असती त्यांना सात वर्षे माणसाची खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. सात वर्षे कुंकू लावायचे की पुसायचे याचे उत्तर त्या कलमात नव्हते, आणि ते तिथे शोधूही नये.

या अंतराची थोडी जाण दाखवणारा एक कायदा मला फार उशिरा सापडला. १९२५ चा 'इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट'. शिपाई लढाईवर असताना इकडे भाऊबंदांनी जमिनीचा दावा लावला तर काय करायचे, यासाठी तो झाला. शिपाई युद्धावर आहे असा दाखला आला की कोर्टाने खटला थांबवायचा. त्याला दावा लावायचा असेल तर युद्धावरचा काळ मुदतीतून वगळायचा. शिपाई तिकडेच मेला, तर मृत्यूच्या तारखेपासून ती खबर सरकारमार्फत घरी धाडली जाईपर्यंतचा काळही वगळायचा. मरण आणि मरणाची बातमी या दोन तारखा वेगळ्या असतात, हे ज्याने लिहिले त्याला लढाईवरच्या माणसाचे घर ठाऊक असावे. आमच्या कचेरीतल्या वकिलांपैकी एकालाही हा कायदा माहीत नव्हता. मलाही तो रद्दीत मिळालेल्या जुन्या कायद्यांच्या खंडात दिसला.

बाईच्या दृष्टीने खरा कायदा पलटणीच्या दप्तरात असतो. शिपाई भरती झाला की त्याच्या आप्तांची नोंद होते. पुढे लग्न झाले, मूल झाले, मूल गेले, बायको वारली, की युनिटमधून 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा रेजिमेंटचे दप्तर बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकीला. गावात चारशे माणसे लग्नाला जेवली तरी लष्कराच्या लेखी लग्न होते ते या ऑर्डरने. त्यावरून डिस्चार्ज बुकात आणि पेन्शनच्या पीपीओत बायकोचे नाव येते.

आणि इथे आपल्याकडची एक रीत आडवी येते. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. माहेरची हौसा सासरी लक्ष्मी होते. शिपाई सुट्टी संपवून पलटणीत जातो, क्लार्क विचारतो, "बीवी का नाम?" त्याच्या तोंडून माहेरचे नाव जाते, कारण लग्न ठरल्यापासून त्याने तेच ऐकलेले असते. किंवा सासरचे जाते. क्लार्क पंजाबी किंवा मद्रासी असला तर हौसाबाईची होसाबाई होते, पुढच्या कागदावर हंसाबाई. इकडे रेशनकार्डावर, मतदार यादीत, सातबाऱ्यावर ती लक्ष्मीबाईच असते. नवरा जिवंत आहे तोवर कुणाचे काही अडत नाही. तो गेला की दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एक कागदावरची आणि एक दारातली.

१९९८ साली अशी एक बाई माझ्याकडे आली. नवरा नाईक म्हणून निवृत्त झाला होता, सहा महिन्यांपूर्वी वारला होता. दप्तरात हौसाबाई, गावात लक्ष्मीबाई. (नावे मी बदलली आहेत, अडचण तीच ठेवली आहे.) मी आत्मविश्वासाने प्रतिज्ञापत्र टंकले : 'लक्ष्मीबाई ऊर्फ हौसाबाई'. लग्नाची तारीख तिला सांगता येईना, म्हणून बरोबर आलेल्या दिराला विचारली. त्याने आठवून वैशाखातली एक तारीख सांगितली, मी ती घातली. कोर्टाचा शिक्का घेतला, कागद रवाना केला. तीन महिन्यांनी परत आला. दप्तरातली लग्नाची तारीख वेगळी होती, वर्षही वेगळे होते. नाव वेगळे, तारीख वेगळी; तेव्हा ही दुसरी पत्नी आहे काय, असल्यास पहिल्या पत्नीचे काय झाले, याचा खुलासा करावा, असे पत्रात होते.

क्लार्कला दोष देता येत नाही. दुसऱ्या बायकोचा प्रश्न काल्पनिक नव्हता. मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये केला, हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याआधी दोन बायका कायदेशीर होत्या आणि कायद्यानंतरही कित्येक घरांत थोरली-धाकटी नांदत राहिल्या. पेन्शन मिळते कायदेशीर पत्नीला. तेव्हा दप्तराने शंका काढली ती त्याच्या परीने रास्त होती. चूक माझी होती. दप्तरात काय लिहिले आहे ते आधी मागवून न पाहता मी शपथेवर तारीख लिहून दिली होती.

ते पत्र पोस्टमनकडून गावात फुटले. हिच्या नवऱ्याने बाहेर दुसरी केली होती, अशी कुजबुज सुरू झाली. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, म्हंजी म्याच माजी सवत झाले व्हय?" त्यावर मला काही बोलता आले नाही.

पुढची दोन वर्षे मी ते प्रकरण चालवले. एका निवृत्त सुभेदारांनी वाट दाखवली. डिस्चार्ज बुकात मुलांची नावे आणि जन्मतारखा होत्या. त्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी जुळवल्या. जन्मनोंदीत आईचे नाव लक्ष्मीबाई होते. म्हणजे दप्तरातल्या हौसाबाईची मुले आणि गावातल्या लक्ष्मीबाईची मुले तीच, तारखांसकट. सरपंच, पोलीसपाटील आणि माहेरच्या दोघांचे जबाब जोडले. तारखेच्या चुकीबद्दल दुसरे प्रतिज्ञापत्र केले, त्यात चूक टंकणाऱ्याची आहे असे स्पष्ट लिहिले. २००० च्या अखेरीस पेन्शन चालू झाली, मागची थकबाकीही आली. तिने मला पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मग ती पायलीभर घेवडा ठेवून गेली. या प्रकरणानंतर मी पेन्शनचे जुने नियम, परिपत्रके आणि निकाल जमवू लागलो. माझ्या संशोधनाचा उगम काय असे कुणी विचारले तर तो ही चूक आहे.

नावाइतकाच जुना दुसरा प्रश्न पुनर्विवाहाचा. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याचे आपण कौतुक करतो. त्याचे दुसरे कलम क्वचितच कुणी वाचतो. विधवेने दुसरे लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. ती जणू मेलीच असे धरून ती मालमत्ता पुढच्या वारसाकडे जाणार. मराठा, कुणबी आणि अनेक जातींत पाट लावण्याची रीत या कायद्याच्या कितीतरी आधीची. तरी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या हायकोर्टांनी अशा जातींतल्या बायकांनाही हा तोटा लावला. अलाहाबादचे मत वेगळे पडले. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, पण त्यातली समजूत लष्करी पेन्शनीच्या नियमांत मुरून राहिली होती. मृत सैनिकाची बायको म्हणजे त्याच्या नावाने बसून राहिलेली बाई. ती दुसऱ्याच्या घरी गेली की सरकारशी तिचा संबंध संपला.

शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या भत्त्याचा नियम तर आणखी विशेष होता. पदकविजेत्याच्या विधवेने पुनर्विवाह केला की भत्ता बंद. पण तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर चालू. म्हणजे पैसा घरातून बाहेर जाता कामा नये. या नियमाला उत्तरेतल्या चादर घालण्याच्या रिवाजाचा वास येतो. पंजाब-हरियाणात भावजयीवर दिराने चादर घालायची आणि जमीन घरात राखायची, ही रीत जुनी आहे. आमच्याकडे पाट लागे तो बहुधा दुसऱ्या घरात. दिराशी लग्न ही काही सर्रास रीत नव्हती. पण दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याने सगळ्या देशाच्या विधवांना एकच दीर दिला. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम त्याआधीपासून हळूहळू सैल होत होते आणि पुनर्विवाहानंतरही मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा विचार त्यांत आला होता. तरीही माझ्याकडे आलेल्या तरुण विधवांपैकी कित्येक जणी दुसऱ्या लग्नाची गोष्ट आली की आधी पेन्शनचे विचारत. दोघी-तिघींनी लग्न केलेच नाही. त्याला दुसरीही कारणे असतील, पण नियम त्यांना बरोबर ठाऊक होता.

हक्काची भाषा आली ती न्यायालयांतून. देवकीनंदन प्रसाद हे बिहारच्या शिक्षण खात्यातले अधिकारी. त्यांच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, ती मालमत्तेसारखा हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या या निकालाने अमुक तारखेपूर्वी निवृत्त झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, हा भेद मोडला. लष्करी पेन्शनरांनाही त्याचा लाभ झाला. पेन्शनर लोक तो दिवस अजून पाळतात. २०१५ ची 'वन रँक वन पेन्शन' ही तर सर्वांना माहीत असलेली लढाई, तिच्याविषयी खूप लिहून झाले आहे.

मला जास्त मोलाचा वाटतो तो २०१३ चा धरमवीर सिंग खटला. हा साधा शिपाई. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे घरी धाडलेला. आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारलेली. न्यायालयाने नियमच वाचून दाखवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी भरती झाला असे धरायचे, संशयाचा फायदा त्याला द्यायचा, आणि पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही. पुराव्याचा भार कोणावर, या एका गोष्टीवर सारा खटला फिरला. हे वाचताना मला सारखे वाटत होते की हाच न्याय नावाच्या बाबतीत का नसावा? पार्ट टू ऑर्डर सरकारच्या क्लार्कने लिहिली, नाव त्याने बिघडवले, आणि ते सुधारण्याचा खर्च, हेलपाटे आणि बदनामी बाईने सोसायची.

आज मृत सैनिकाच्या पत्नीला सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सेवेमुळे मृत्यू आला तर ६० टक्के आणि लढाईत पडला तर पूर्ण पगाराइतके निवृत्तिवेतन मिळते. तक्रारीसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले आहे. आपल्या राज्याचे खंडपीठ मुंबईला आहे. १८७१ च्या चौथ्या कलमापासून इथपर्यंतचा पल्ला मोठाच म्हणायचा. पण ज्यांची नोकरी १५ वर्षे भरली नाही त्यांना सेवेची पेन्शन नाही. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन युद्ध संपताच घरी पाठवलेले हजारो मराठी शिपाई या अटीबाहेर राहिले. त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देते. मानधन हा शब्द नीट पाहावा. तो हक्काचा शब्द नाही.

माझ्या त्या हौसाबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता यंत्रावर बोट ठेवून देता येतो. भांगलणी-खुरपणीने बोटांवरच्या रेषा झिजल्यामुळे गेल्या वर्षी त्यांचा अंगठा चार वेळा लागला नाही. शेवटी डोळ्याच्या यंत्रावर काम झाले. पडद्यावर नाव उमटले ते हौसाबाई. बरोबर आलेल्या नातवाने विचारले, "आज्जे, ही कोण?" त्या हसल्या. माहेरची सगळी माणसे गेली, आता त्यांना या नावाने हाक मारणारे कुणी उरलेले नाही, असे त्यांनीच मला परतताना सांगितले. यंदाही दिवाळी झाली की त्या येतील. मी नातवाला फोन करून पीपीओची झेरॉक्स आणि आधारकार्ड बरोबर ठेवायला सांगितले आहे.